हरवलेल्या पुस्तकाच्या गावात कादंबरी शिकताना



वाशीममध्ये साहित्यावर बोलायला उभा राहिलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत राजशेखराचं नाव घेतो. हजारेक वर्षांपूर्वीच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लागलं, म्हणजे आपल्या गावात लागलं, हे तो सांगतो आणि टाळ्या घेतो. मी रूढी मोडत नाही. लग्न लागलं, अक्षता पडल्या, टाळ्याही झाल्या असं समजू. मला त्या लग्नापेक्षा या गावच्या एका बेपत्ता पुस्तकात जास्त रस आहे.

वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन हा राजा कवी होता. त्यानं प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचं काव्य लिहिलं. कृष्णानं सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणला, ती कथा. हे काव्य आज कुठेही अखंड मिळत नाही. त्याची ओळख आहे ती इतरांनी घेतलेल्या उताऱ्यांवरून. आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’त त्याचं नाव घेतलं, कुंतकानं कालिदासाच्या पंगतीला बसवून कौतुक केलं, भोजानं श्लोक उचलले. आनंदवर्धनाचा मुद्दा तर फार मोलाचा आहे. परंपरेनं आलेली कथा रसाला पोषक होत नसेल तर कवीनं ती बेधडक बदलावी, असं तो म्हणतो आणि उदाहरणादाखल कालिदासाबरोबर आपल्या सर्वसेनाला उभं करतो. आता पुस्तक गेलं आणि समीक्षा उरली. १९३९ साली वाशीमला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला नसता, तर सर्वसेन हा इथला राजा होता हेही आपल्याला कळलं नसतं. त्या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दान कसं द्यायचं, कोणत्या करांची सूट, हा रोजचा व्यवहार प्राकृतात आहे. घराण्याचा बडेजाव एका भाषेत, हिशेब दुसऱ्या भाषेत. आजही आपण लग्नपत्रिका कोणत्या भाषेत छापतो आणि उसनवारी कोणत्या भाषेत मागतो ते बघा.

आता दुसरं टोक. १९३६ साली अर्जेंटिनाच्या बोर्हेसनं एक परीक्षण छापलं. मीर बहादुर अली नावाच्या मुंबईच्या वकिलानं लिहिलेल्या कादंबरीचं ते परीक्षण होतं. तो वकीलही नव्हता, कादंबरीही नव्हती. बोर्हेसनं पुस्तक लिहिण्याचे कष्ट वाचवून थेट त्याचं परीक्षण लिहिलं, आणि ते इतकं खरं वाटलं की त्याच्या एका मित्रानं म्हणे लंडनहून ती प्रत मागवायची खटपट केली. उत्तर-आधुनिक कथनाचा मागोवा घेणारे लोक या लेखापासून वाट काढतात.

एम. ए.च्या वर्गात मी ही दोन पुस्तकं शेजारी मांडत असे. एक कधी लिहिलंच गेलं नाही, पण त्याचं परीक्षण आहे. दुसरं खरोखर लिहिलं गेलं, त्याचीही आता परीक्षणंच आहेत. वाचकाच्या हाती दोन्ही वेळा तेवढंच पडतं. मग पुस्तक ‘असणं’ म्हणजे काय? हा प्रश्न मालेगाव, मानोऱ्याहून सकाळच्या एस. टी.नं आलेल्या पोरांना लगेच कळायचा. त्यासाठी त्यांना कोणत्या फ्रेंच तत्त्वज्ञाचं नाव माहीत असावं लागत नव्हतं.

मात्र उत्तर-आधुनिक आणि उत्तर-वसाहतवादी कादंबरी हा विषय विद्यापीठात पोचतो तो असा पोचत नाही. तो पोचतो लक्षणांच्या यादीनं. विखंडित कथन, अविश्वसनीय निवेदक, आंतरसंहितात्मकता, उपरोध, संकर, नक्कल. परीक्षेला दहा मार्कांची टीप येते, गाईडमध्ये तिची सहा लक्षणं असतात, आणि रश्दीची ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ न उघडता ती सहाही लक्षणं लिहिता येतात. निवेदक सलीम सिनाई गांधीहत्येची तारीख चुकीची सांगतो आणि चूक कळल्यावरही ती दुरुस्त करत नाही, हे त्या कादंबरीतलं मर्म आहे. आपल्या देशाचा इतिहास एका विसराळू माणसाच्या हाती दिला आहे, आणि लेखकाला तेच हवं आहे. पण टीप पाठ केलेला विद्यार्थी ‘अनरिलायबल नॅरेटर’ हा शब्द बिनचूक लिहितो आणि ती तारीख त्याला माहीत नसते. मी कोणा विद्यार्थ्याला दोष देत नाही. तासिका तत्त्वावर तीन कॉलेजं करणारा शिक्षक आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाइलवर फिरणारी पीडीएफ, या दोघांच्या मध्ये कादंबरी वाचायला वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न खरा आहे.

या विषयाला लक्षणांची यादी का चिकटली, याचं मूळ जुनं आहे. इंग्रजी साहित्य हा शिकवायचा विषय म्हणून पहिल्यांदा मुरला तो इंग्लंडात नव्हे, हिंदुस्थानात, असं गौरी विश्वनाथन यांनी १९८९च्या पुस्तकात दाखवून दिलं. १८३५ला मेकॉलेचं टिपण आलं, १८५७ला मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठं निघाली. ऑक्सफर्डला इंग्रजीचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू व्हायला १८९४ उजाडलं. म्हणजे साहेबानं आपलं साहित्य आधी आपल्यावर तपासून पाहिलं. त्यात साहित्य ही चांगलं-वाईट ओळखायला शिकवणारी, परीक्षेत उतरवून दाखवायची गोष्ट झाली. १९६८ साली नैरोबीत न्गुगी वा थिओंगो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मागणी केली की इंग्रजी विभागच बंद करा आणि आफ्रिकेचं साहित्य मध्यभागी ठेवा. आपल्याकडे तसं काही झालं नाही. आपण विभाग तसाच ठेवला आणि त्यात न्गुगीवर एक पेपर नेमला.

माझी तक्रार इथून सुरू होते. उत्तर-वसाहतवादी कादंबरी हा पेपर इंग्रजी विभागात आहे आणि वऱ्हाड मराठी विभागात. मध्ये भिंत आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे शाळेत दोन्ही विषय होते आणि ते वेळापत्रकाला न जुमानता इंग्रजीच्या तासाला तुकोबा काढत. विद्यापीठात तशी मुभा नाही. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांतून शेकडो मुलं चिनुआ अचेबेची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ वाचतात. ती १९५८ची. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६०ला, उद्धव शेळके यांची ‘धग’ आली. पहिलीत आळशी बापाच्या लाजेनं आयुष्यभर धुमसणारा ओकोन्क्वो आहे, तर दुसरीत आळशी नवऱ्याला ओढत संसार रेटणारी कौतिक. दोन्हीकडे गाव आहे आणि गावाबाहेरून आलेलं काहीतरी आहे. दोन्ही लेखकांनी आपल्या मुलखाची बोली कागदावर आणण्यासाठी धडपड केली. अचेबेनं इंग्रजीला इग्बो म्हणींनी वाकवलं, शेळक्यांनी वऱ्हाडीला मराठी कादंबरीच्या थेट मध्यभागी बसवलं, आणि तिथं ती विनोदासाठी आलेली नव्हती. आजही सिनेमात वऱ्हाडी बोलणारं पात्र आलं की लोक हसायची तयारी करतात. ‘धग’ वाचताना कोणी हसत नाही.

या दोन कादंबऱ्या एका टेबलावर ठेवलेला पेपर मला आपल्या भागात पाहायला मिळाला नाही. एक इंग्रजीच्या मुलांकडे ‘वसाहतोत्तर’ म्हणून, दुसरी मराठीच्या मुलांकडे ‘प्रादेशिक’ म्हणून. नायजेरियातलं खेडं जगाचं झालं आणि वऱ्हाडातलं खेडं वऱ्हाडाचंच राहिलं, ही वाटणी कोणी केली? आपणच केली, अभ्यासमंडळाच्या बैठकीत, चहा घेत घेत.

अचेबेच्या कादंबरीचं शेवटचं पान आपल्या जिल्ह्यासाठी लिहिल्यासारखं आहे. ओकोन्क्वो मेलेला आहे. जिल्हा अधिकारी मनाशी विचार करतो की आपण लिहीत असलेल्या पुस्तकात या माणसावर एखादं प्रकरण, नाही तर निदान एखादा परिच्छेद टाकता येईल. एका माणसाचं आख्खं आयुष्य आपण वाचून आलेलो असतो आणि सरकारी पुस्तकात त्याला एक परिच्छेद मिळणार असतो. हे पान वर्गात वाचून झालं की मी १८७०चं आल्फ्रेड लायलचं वऱ्हाडचं गॅझेटियर काढायचो. हैदराबादच्या निजामानं इंग्रजांच्या हवाली केलेले ते जिल्हे. त्यांत बासीम, म्हणजे आपलं वाशीम, हा स्वतंत्र जिल्हा होता, पुसदही त्यातच होतं. लायल पुढे मोठा लेखक-प्रशासक म्हणून नावाजला. त्याच्या पानांवर आपले पूर्वज परिच्छेदांत बसवलेले दिसतात. कोण कष्टाळू, कोण भांडखोर, कोण कर्जबाजारी, असे शिक्के मारून.

आणि एक पाऊल पुढे. वऱ्हाड पोलिसांत कम्बरलेज नावाचा अधिकारी होता. त्यानं बंजारा समाजावर एक टिपण तयार केलं, ते १८८२ला पुन्हा छापलं गेलं. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६च्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरच्या ग्रंथात बंजाऱ्यांवरचं प्रकरण मुख्यतः त्यावर उभं आहे. लोकांबद्दल माहिती गोळा करणारा माणूस पोलीस आहे, हे ध्यानात ठेवा. १८७१ला गुन्हेगार जमातींचा कायदा आलेला होता. तांड्यातली लग्नगीतं, देवदेवता, न्यायपंचायत हे सगळं एका पोलिसाच्या टिपणात शिरतं आणि तिथून विद्वानांच्या ग्रंथात जातं. अचेबेच्या जिल्हा अधिकाऱ्याचा हा सख्खा भाऊ वऱ्हाडच्या रानात फिरत होता. मानोरा तालुक्यातली पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. तिथं सेवालाल महाराजांची समाधी आहे, आणि ऑक्टोबर २०२४ला तिथंच बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. आता विद्यार्थ्यापुढे तीन गोष्टी आहेत. पोलिसानं लिहिलेला बंजारा, सरकारनं काचेआड मांडलेला बंजारा, आणि रामनवमीच्या यात्रेत स्वतःच्या गोरबोलीत गाणारा बंजारा. उत्तर-वसाहतवादी सिद्धान्त ज्याला ‘प्रतिनिधित्वाचा प्रश्न’ म्हणतो, तो इथल्या बसस्टँडवर उभं राहून तिकीट काढल्यावर दिसतो. गायत्री स्पिवाक यांचा १९८८चा तो प्रसिद्ध निबंध, दबलेल्या माणसाला बोलता येतं का विचारणारा, मी मुलांना पोहरादेवीला जाऊन आल्यावर वाचायला सांगत असे. आधी वाचला तर डोकं दुखतं. नंतर वाचला तर भांडावंसं वाटतं, आणि सिद्धान्ताशी भांडणारा विद्यार्थी मला पाठांतर करणाऱ्यापेक्षा दहापट जास्त आवडतो.

इथं एक अडचण आहे, ती लपवू नये. ‘वसाहतोत्तर’ म्हणायचं तर वसाहत कोणाची, हे आधी ठरलं पाहिजे. वऱ्हाड १८५३ला इंग्रजांच्या ताब्यात गेलं, पण कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली. १९०२ला कायमचा भाडेपट्टा झाला. १९०५ला बासीम जिल्हा मोडून अकोल्याला जोडला, पुसद यवतमाळकडे गेलं. १९३६पासून निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. म्हणजे राजपुत्र वऱ्हाडचा, राज्य इंग्रजांचं, कापूस मँचेस्टरचा आणि कर्ज सावकाराचं. कारंज्याहून जाणारी ती शकुंतला रेल्वे आठवा. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची लाइन एका खासगी कंपनीची होती, आणि स्वातंत्र्यानंतरही मालकी कंपनीकडेच राहिली, गाडी मात्र भारतीय रेल्वे चालवत होती. एडवर्ड सैदनं १९७८ला ‘ओरिएंटॅलिझम’ लिहिलं तेव्हा कारंज्याच्या फलाटावर हा प्रकार चालूच होता. ज्याला १९४७ला सगळं संपलं आणि ‘उत्तर’ सुरू झालं असं वाटतं, त्यानं एकदा कारंज्याच्या त्या स्टेशनावर जाऊन यावं.

पण माझा खरा मुद्दा रेल्वेचा नाही. तो नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’चा आहे. आपल्याच वाशीमचे, शिक्षकी करत लिहिणारे कांबळे सर. ‘राघववेळ’ला १९९५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१ला त्यांना पद्मश्री मिळाली. गावाच्या काठावर ढकललेल्या वस्तीतल्या बाईचं जगणं, तिचा ताठा, तिची भूक, ही त्या कादंबरीची माती. ही कादंबरी उत्तर-वसाहतवादी चौकटीत बसवायला गेलं की चौकटच कमी पडते. कारण त्या चौकटीत आपण सगळे एका बाजूला आणि साहेब दुसऱ्या बाजूला असतो. ‘राघववेळ’मध्ये गाव एका बाजूला आहे आणि ती बाई दुसऱ्या. वसाहत गावातच आहे. तिच्यासाठी कोणी समुद्र ओलांडून आलेलं नाही, ती वेशीच्या आत पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. त्या बाईच्या दृष्टीनं १९४७ ही तारीख किती महत्त्वाची?

ही गोष्ट मराठीत आधी कळली होती. महात्मा फुल्यांनी १८७३ला ‘गुलामगिरी’ छापली आणि अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या त्या सज्जनांना दिली, ज्यांनी तिथली गुलामगिरी मोडून काढली. पुण्यात बसून अमेरिकेतल्या काळ्या माणसाचं नातं इथल्या शूद्राशी जोडणं हे तौलनिक साहित्याच्या कोणत्याही पेपरपेक्षा पुढचं होतं. १९७२ला मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा तिच्या नावातच अमेरिकेतलं ब्लॅक पँथर होतं. म्हणजे आपल्याकडे जगाशी नातं जोडण्याचा एक रस्ता लंडन-न्यूयॉर्कच्या विद्यापीठांना वळसा घालून जातो. आपल्या अभ्यासक्रमात तो रस्ता दलित साहित्य नावाच्या वेगळ्या पेपरात आहे आणि ‘संकरा’चा सिद्धान्त मांडणारे होमी भाभा वेगळ्या. त्यांची गाठ पडत नाही. पडली तर काय होईल? मला वाटतं, भाभांचा ‘संकर’ वेशीपाशी अडखळेल. संकर होण्यासाठी आधी एका पाणवठ्यावर पाणी भरता आलं पाहिजे.

याच ठिकाणी देशीवादाचं नाव निघतं. तो मांडणारे भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक. १९६३ला ‘कोसला’, मग ‘टीकास्वयंवर’, २०१०ला ‘हिंदू’, २०१४चं ज्ञानपीठ. आपल्या भागातल्या दोन-तीन पिढ्या त्यांच्यामुळे ताठ बसल्या, माझीही. इंग्रजीच्या वर्गात शिकवताना आपली भाषा ही मागे सोडून यायची गोष्ट नाही, हे त्यांनी ठासून सांगितलं. तरी मी देशीवादाला उत्तर-वसाहतवादाचं मराठी उत्तर म्हणून टेबलावर मांडून सुटका करून घ्यायला तयार नाही. देश म्हणायचं तर कोणाच्या ओट्यावरून दिसणारा देश? ‘धग’च्या कौतिकला तो वेगळा दिसतो, ‘राघववेळ’च्या बाईला वेगळा, तांड्यातल्या नायकाला वेगळा. नेमाड्यांच्या कादंबऱ्या या प्रश्नाबाबत त्यांच्या समीक्षेपेक्षा जास्त गुंतागुंतीच्या आहेत, आणि हीच कादंबरीकाराची थोरवी. सिद्धान्त सरळ राहतो, कादंबरी वाकडी जाते. वर्गात मी नेहमी वाकड्या बाजूला बसत असे.

आता उत्तर-आधुनिकतेकडे. हा भाग मी थोडक्यात घेणार होतो, पण एक प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो, त्याला उत्तर द्यायलाच हवं. ‘सर, आपल्याकडे मॉडर्नच कुठं पुरतं आलं, मंग पोस्टमॉडर्न कायले शिकाचं?’ प्रश्न रास्त आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारचं उत्तर-आधुनिकतेवरचं १९७९चं ते छोटं पुस्तक मुळात कॅनडातल्या क्वेबेक सरकारच्या विद्यापीठविषयक परिषदेसाठी लिहिलेला अहवाल होतं, हे फार थोडे जण सांगतात. विकसित समाजांत ज्ञानाचं काय होतं आहे, एवढाच त्याचा विषय. त्यातलं एक वाक्य जगभर गेलं: महाकथनांवरचा विश्वास उडाला आहे. प्रगतीची, मुक्तीची, ज्ञानाची मोठी गोष्ट आता कोणी मनापासून मानत नाही.

आता सदानंद देशमुखांचं ‘बारोमास’ घ्या. २००२ची कादंबरी, २००४चा अकादमी पुरस्कार, बुलढाण्याची माती. एकनाथ शिकला, नोकरी मिळाली नाही, शेतीत अडकला, शेतीनं हात दिला नाही. शिक, मोठा हो, ही जी गोष्ट फुल्यांपासून गाडगेबाबांपर्यंत सगळ्यांनी सांगितली, ज्या गोष्टीवर आपली गावोगावची कॉलेजं उभी राहिली, तिच्यावरचा एकनाथच्या घराचा विश्वास आपल्या डोळ्यांसमोर ढासळतो. त्याला ल्योतार वाचावा लागत नाही. आणि गंमत अशी की ही कादंबरी लिहिण्याच्या पद्धतीनं शंभर टक्के वास्तववादी आहे. एकही तुटलेलं कथन नाही, एकही खेळ नाही. उलट श्याम मनोहरांची ‘उत्सुकतेने मी झोपलो’ किंवा ‘कळ’ घ्या. तिथं गोष्ट वाटेत थांबते, प्रश्न विचारते, निबंध होते, पुन्हा गोष्ट होते; पण पात्रं बहुतेक शहरातली, पोट भरलेली. स्थिती उत्तर-आधुनिक आणि रूप वास्तववादी, ही एक कादंबरी. रूप उत्तर-आधुनिक आणि स्थिती मध्यमवर्गीय, ही दुसरी. लक्षणांची यादी घेऊन बसलेला विद्यार्थी दुसरीला पूर्ण गुण देईल आणि पहिलीला शून्य. मला वाटतं, विदर्भातल्या विद्यापीठात हा विषय शिकवण्याचं खरं काम याच तफावतीत आहे. ज्याचा महाकथनावरचा विश्वास उडाला, तो माणूस आपली गोष्ट इतकी सरळ, इतकी जबाबदारीनं का सांगतो? कदाचित त्याला खेळ परवडत नाही. कदाचित त्याला ऐकणारं कोणी हवं आहे. सोयाबीनचा भाव कोसळल्यावर गोष्ट तुकड्यांत सांगायची उमेद राहत नाही. मला याचं उत्तर ठाम देता येत नाही, पण हा प्रश्न वाशीममध्ये विचारता येतो आणि पॅरिसमध्ये विचारावा लागत नाही.

एका मोहाबद्दल बोलतो, कारण या सभागृहातही तो असणार. ‘हे सगळं आमच्याकडे आधीच होतं’ हा तो मोह. उदाहरणं भरपूर देता येतात. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ऋद्धपूरला ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मूळ पोथी नंतरच्या धामधुमीत गेली, आणि शिष्यांनी आपापल्या आठवणीतून तिचे पाठ पुन्हा उभे केले. कोणता पाठ खरा, यावर महानुभाव पंथात वाद झाले. कारंज्याच्या जैन भांडारांत शतकानुशतकं पडून असलेल्या अपभ्रंश पोथ्या १९३०च्या दशकात हिरालाल जैन, प. ल. वैद्य यांच्या हातून छापल्या गेल्या. त्यांतल्या पुष्पदंताच्या ‘जसहरचरिउ’त देवीला बळी द्यायला आणलेला एक कोवळा मुनी राजाला आपल्याच मागच्या जन्मांची गोष्ट सांगतो; मोर, मासा अशा जन्मांतून फिरत. गोष्टीत गोष्ट, मृत्यूच्या दारात सांगितलेली. कारंज्यात बसून हे वाचलं की इटालियन कादंबरीकार कॅल्विनो फार नवा वाटत नाही. पण म्हणून म्हाइंभट उत्तर-आधुनिक होत नाहीत. शिष्यांनी पाठभेद खेळ म्हणून केले नाहीत; गुरूच्या तोंडचा शब्द हरवला याचं त्यांना दुःख होतं. बोर्हेसला आपलं खोटं पुस्तक मिळालं नाही तरी चालतं. म्हाइंभटांच्या शिष्यांना चालत नव्हतं. साम्य दाखवणं सोपं आहे. हा फरक सांगता आला तरच त्या विद्यार्थ्याला एम. ए. म्हणावं, एवढी माझी साधी अट.

आता व्यवहाराचं. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर एम. ए.ला संशोधन प्रकल्प आला, पदवीला क्षेत्रीय प्रकल्प आला. बऱ्याच ठिकाणी हे प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार होतात, मुखपृष्ठ बदलून. त्याऐवजी हे करता येईल. रिसोडच्या मुलीनं आपल्या आजीच्या तोंडची एक वऱ्हाडी गोष्ट जशीच्या तशी लिहून काढावी आणि मग ‘धग’मधल्या वऱ्हाडीशी ताडून पाहावी, आजीची वऱ्हाडी आणि शेळक्यांची वऱ्हाडी कुठं वेगळी होते ते दाखवावं. मानोऱ्याच्या मुलानं गॅझेटियरमधला आपल्या समाजावरचा परिच्छेद घ्यावा आणि त्याच्या समोर तांड्यातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं ठेवावं, कुठलाही निष्कर्ष काढायची घाई न करता. मंगरूळपीरच्या मुलानं ‘थिंग्ज फॉल अपार्ट’चं शेवटचं पान वऱ्हाडीत आणावं. साहेब वऱ्हाडी बोलेल की पुस्तकी मराठी? पोरं यावर तासभर भांडतात. इंग्रजी आणि मराठी विभागांनी निदान एका सत्रात एकाच खोलीत बसून दोन कादंबऱ्या वाचाव्यात. परवानगीचं पत्र लागत असेल तर मी लिहून देतो, मला आता निवृत्तीनंतर तेवढं काम झेपतं. आणि प्रश्नपत्रिकेत लक्षणं विचारणं बंद करावं. उताऱ्यातलं एक पान द्यावं, पुस्तकाचं नाव न सांगता, आणि विचारावं: हे कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय, आणि कोणाला ऐकू येऊ नये म्हणून बोलतंय?

अभ्यासमंडळावर असलेले काही जण समोर बसलेले दिसतात. या प्रश्नाला गाईड निघायला किती दिवस लागतील, याचा हिशेब ते मनात करत असावेत. माझा अंदाज एक सत्र. तोपर्यंत पुढचा प्रश्न तयार ठेवू. बोलण्याची वेळ संपल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी पाठवलेली आहे. आता तुम्ही विचारा, मी बसतो.